उभ्या सायकलचं माप

रेतीत चाळीस-पन्नास मीटर गेल्यावर सायकलच्या मागच्या चाकातून आवाज यायला लागला. खर्र. मग थोडी शांतता. पुन्हा खर्र.

रेखानं ब्रेक दाबला, एक पाय रेतीत टेकवला आणि मागे वळून बघितलं.

"काकाजी, हे घासून राहिलं."

आवाज मी तिच्याआधीच ऐकला होता. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये मिल मेंटेनन्सला बत्तीस वर्षं काढली. बेअरिंग कुरकुरलं की कॅन्टीनमधूनसुद्धा कळायचं मला. पण हा आवाज माझ्या स्वतःच्या कामातून येत होता, म्हणून ऐकू आला नाही असं दाखवावंसं वाटलं. जवळ जाऊन मी खाली वाकलो. टायर फ्रेमच्या डाव्या नळीला घासत होता. नळीवरचा रंग बोटभर उडाला होता आणि आतली पत्र्यासारखी चमक दिसत होती.

तो रविवार होता. सोमवारी सकाळी दहाच्या आत तिला याच रेतीतून शाळेत पोहोचायचं होतं, नाहीतर ती शाळा तिच्या हातून जाणार होती.

रेखा माझ्या जुन्या सोबत्याची, मेश्रामची मुलगी. मेश्राम आणि मी एकाच शिफ्टला होतो. लहानपणी ती वडिलांचा डबा घेऊन आमच्याकडे यायची. आता शिवनाथ नदीच्या पलीकडच्या एका गावात प्रायमरीची मास्तरीण आहे. पुरात एनीकटचा, म्हणजे नदीवरच्या छोट्या बंधाऱ्याचा, पलीकडचा भराव वाहून गेला आणि रस्ता तुटला. पक्क्या रस्त्यानं मोठा फेरा पडतो आणि त्या रस्त्याची बस पावणेअकराला पोहोचते. मग ती स्कूटी अलीकडच्या चहाच्या टपरीवर ठेवायची. तिथेच ठेवलेली तिची माउंटन बाईक घेऊन नदीच्या पात्रातली सातशे मीटर रेती ओलांडायची आणि पुढे पाच किलोमीटर मुरमाची वाट सायकलनं जायची. अडचण होती त्या सातशे मीटरची. बारीक टायर रेतीत फसायचे आणि सायकल ढकलत न्यावी लागायची. त्यातच वीस-पंचवीस मिनिटं जायची. घरून लवकर निघायची सोय नव्हती. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि त्यांना सांभाळणारी बाई साडेआठशिवाय येत नव्हती.

शिक्षकांची हजेरी मोबाईलवर लागते. शाळेच्या आवारात उभं राहूनच लागते. दहा वाजून गेले की लाल खूण. तिच्या नावावर त्या महिन्यात दोन लाल खुणा झाल्या होत्या. संकुलाचे साहेब, म्हणजे आजूबाजूच्या दहा-बारा शाळांवर देखरेख करणारे, तिला म्हणाले होते, "मैडम, रास्ता सबके लिए वही है। आपको ही दिक्कत क्यों होती है?" तिसरी खूण झाली की तिला ब्लॉक ऑफिसला अटॅच करणार होते, म्हणजे शाळेतून काढून ऑफिसच्या कामाला लावणार. सोमवारी मी स्वतः येऊन बघतो, असंही ते म्हणाले होते.

"मी गेली तं पहिली-दुसरीची पोरं कोन पाहीन काकाजी?" ती म्हणाली होती. "हेडमास्तर एकटेच. बारा पोरं आता कुठं वाचायले लागले."

हे झालं मंगळवारी, भिलाई-3 मधल्या माझ्या घरी. रिटायर झाल्यावर पुढच्या खोलीला शटर लावून मी सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं आहे. बायको त्याला 'दुसरं प्लांट' म्हणते.

रेखाला फॅट बाईकसारखे टायर हवे होते, चार इंची. सिव्हिक सेंटरकडे कोणाच्या तरी सायकलला तिनं ते बघितले होते. मी व्हर्नियर काढला. व्हर्नियर म्हणजे मिलीमीटरच्याही दशांशापर्यंत माप सांगणारी पट्टी. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी ज्या नळ्या धरतात, त्यांना चेन-स्टे म्हणतात. त्या दोघींमध्ये जागा निघाली एकोणसत्तर मिलीमीटर. चार इंच म्हणजे शंभराच्या वर. हत्तीला बोळातून काढण्यातला प्रकार.

"नवी फॅट बाईकच घेऊ का मंग?" तिनं विचारलं.

"वजन ठाऊक आहे का तिचं? मधात पाण्याची धार लागते, तिथं उचलून नेशीन तिले? आन् पुढं पाच किलोमीटर मुरमावर दम निघंल तुझा. हेच सायकल करू आपण."

टायर ठरवला दोन पूर्णांक चार इंची. म्हणजे एकसष्ट मिलीमीटर. दोन्ही बाजूंना चार-चार मिलीमीटर मोकळे. पण नुसता टायर रुंद करून भागत नाही. रेतीत हवा कमी ठेवावी लागते, म्हणजे टायर पसरतो आणि वरवर तरंगतो. कमी हवेचा रुंद टायर अरुंद रिमवर बसवला तर वळणावर तो आडवा होतो. जाड माणसाला अरुंद पाटावर बसवलं तर तो जसा एका बाजूला कलंडतो, तसाच. म्हणून रिमही रुंद हवी. जुनी रिम आतून एकोणीस मिलीमीटरची होती, नवी मी पस्तीसची ठरवली. ब्रेक डिस्कचे होते हे नशीब. रिमला चिमटा काढणारे ब्रेक असते तर रुंद रिमवर त्यांचे हात पुरले नसते.

रिम-टायर आणायला गेलो तेव्हा दुर्गच्या दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "अंकल, पुरानी साइकिल में इतना कौन करता है? नई ले लो, झंझट खतम।"

"झंझट का ही काम किया है जिंदगी भर," मी म्हणालो.

चाकांच्या मधले हब जुनेच ठेवले, स्पोक्स थोडे आखूड लागले. दोन्ही चाकं शनिवारपर्यंत स्वतः विणली. विणलेलं चाक डावीकडे-उजवीकडे डोलतं, ते सरळ करण्याला आमच्यात 'आउट काढणं' म्हणतात. मी अर्ध्या मिलीमीटरच्या आत आउट काढला. टायर बसवले, हवा भरली, स्टँडवर चाक फिरवलं. कुठे काही लागलं नाही. बायकोला बाहेर बोलावून दाखवलं.

"बरं फिरून राहिलं," ती म्हणाली, "पन त्या पोरीले स्टँडवर बसून थोडीच जायचं हाय?"

मी हसलो. हसायला नको होतं.

रविवारी रेतीत काय झालं ते सांगितलंच आहे. मी खिशातून व्हर्नियर काढला आणि टायर पुन्हा मोजला. एकसष्टचा टायर चौसष्टचा झाला होता! रिम रुंद, त्यामुळे टायरच्या दोन्ही कडा लांब गेल्या आणि पोट बाहेर आलं. शिवाय नवा टायर हवा भरल्यावर रात्रभरात थोडा फुगतो. दोन्ही बाजूंना उरले अडीच-अडीच मिलीमीटर. त्यात रेखानं पॅडलवर जोर दिला की चाक थोडं कलायचं, की लागलंच नळीला.

"टायरवर तं दोन पॉइंट चारच लिहिलं हाय," मी म्हणालो. माझं मलाच ते केविलवाणं वाटलं.

रेखा टायरकडे बघत होती. "काकाजी, तुमी माप उभ्या सायकलचं घेतलं न? मी बसल्यावर तं ते बदलनारच."

कानशिलं तापली माझी.

कारण मिलमध्ये नव्या पोराला पहिल्या दिवशी मी हेच विचारायचो. लाल तापलेली सळई मोजली तर माप जास्त येतं, थंड झाली की ती आक्रसते. गरम माप वेगळं, थंड माप वेगळं. ज्याला हे कळत नाही त्यानं मिलमध्ये व्हर्नियरला हात लावू नये, असं मी किती जणांना ऐकवलं असेन. आणि आज एका प्रायमरीच्या बाईनं तोच धडा मला रेतीत उभं करून शिकवला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

ती म्हणाली, "नळी थोडीशी दाबून नाई देता येत का? शिकंज्यात धरून?"

"नाही." हे मात्र मी ठामपणे म्हणालो. "भार उचलणाऱ्या नळीले मी हात लावत नाही. आज वाट मिळंल, पन उद्या मुरमावर तुटली तं तू पडशीन."

मग तिथंच रेतीत बसलो आणि डोकं चालवलं. सायकल रेतीत रुतते ती कुठून? पुढून. पुढचं चाक नांगरासारखं घुसतं, हँडल वळतं आणि माणूस पडतो. मागच्या चाकाला फक्त ढकलायचं असतं. पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कमध्ये जागा भरपूर होती, तिथे चौसष्ट आरामात फिरत होतं. म्हणजे पुढे रुंदच राहू द्यायचं. मागे रिम तीसची आणि टायर दोन पूर्णांक दोनचा. दोन्ही चाकं सारखीच पाहिजेत, हा हट्ट माझा होता. सायकलचा नव्हता.

रविवार असूनही दुर्गचं दुकान दुपारपर्यंत उघडं होतं. मला बघून मालक म्हणाला, "अब क्या हुआ अंकल? जो मांगा था वही तो दिया था।"

"आपने बराबर दिया। मैंने गलत मांगा।" चूक कबूल केली की माणूस लवकर मोकळा होतो. त्यानं कपाटातून तीसची रिम काढून दिली.

संध्याकाळी पाचच्या आत मागचं चाक नव्यानं विणून, टायर चढवून, हवा भरून ठेवलं. रात्रभर फुगू दिलं. सकाळी मोजलं तेव्हा अठ्ठावन्न. बाजूला साडेपाच-साडेपाच मोकळे. मग मी स्वतः बसलो, अठ्ठ्याहत्तर किलोचा माणूस. शटरच्या खांबाला धरून पॅडलवर उभा राहिलो आणि बायकोला फट बघायला सांगितलं.

"लागून राहिलं का?"

"नाई लागून राहिलं. उतरा आता, लोक पाहून राहिले."

तरी पुरतं समाधान झालं नव्हतं. प्लांटमध्ये दोन भाग एकमेकांना लागतात का हे बघायला आम्ही एका भागावर निळा रंग लावायचो. त्याला नुसतं 'ब्लू' म्हणतात. मशीन चालवायची आणि दुसऱ्या भागावर निळं आलं का ते बघायचं. ब्लू खोटं बोलत नाही. जुन्या डबीत थोडा उरला होता. तो दोन्ही नळ्यांच्या आतल्या बाजूला लावला.

नऊच्या सुमारास आम्ही नदीवर पोहोचलो. टायरमधली हवा कमी केली, पुढे अठरा पाउंड, मागे बावीस. पंक्चरवाले नेहमी पन्नास भरून देतात आणि 'टाइट कर दिया' म्हणतात. रेतीत टाइट टायर म्हणजे सुरी.

तेवढ्यात संकुलाचे साहेब मोटरसायकलवर आले. रेखाला बघून त्यांनी घड्याळ बघितलं.

"चलिए मैडम, देखते हैं कौन सा समंदर है।"

आणि ते पुढे निघाले. तीस मीटर बरे गेले. मग मागचं चाक गरगरा फिरलं, रेतीचा फवारा उडाला आणि गाडी अ‍ॅक्सलपर्यंत बसली. साहेबांनी आणखी रेस दिली. गाडी आणखी बसली.

रेखानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तू जा. थांबू नको. हँडल घट्ट धरू नको, हलकं धर."

ती निघाली. पुढचं चाक रेतीवर चपटं पसरलं आणि घुसायच्याऐवजी वरून जायला लागलं. मी कान टवकारून उभा होतो. खर्र काही ऐकू आलं नाही. साहेबांच्या डावीकडून जाताना तिनं "नमस्ते सर" म्हटलेलं मला स्वच्छ ऐकू आलं. मधल्या पाण्याच्या धारेपर्यंत ती एकदाही उतरली नाही. सायकल उचलून धार ओलांडली, पुन्हा बसली. पलीकडच्या काठावर तिनं पाय टेकवला, वाकून मागचा टायर बघितला आणि फोन केला.

"काकाजी, टायर कोरा हाय! निळं कुठंच नाई लागलं!"

खोटं कशाला सांगू, एवढा आनंद मला रिटायरमेंटच्या सत्कारालासुद्धा झाला नव्हता. मेश्राम असता तर म्हणाला असता, पोरगी माझी आहे, चाक तुझं असलं तरी.

मग मी साहेबांकडे गेलो. त्यांच्या दोन्ही चाकांतली बरीचशी हवा काढायला लावली आणि मागून धक्का दिला. गाडी निघाली. घाम पुसत त्यांनी विचारलं, "मैडम निकल गईं?"

"कब की, सर।"

नऊ बावन्नला रेखाचा दुसरा फोन आला. हजेरी लागली होती, हिरवी. साहेब शाळेत पोहोचले तेव्हा दहा वाजून अकरा मिनिटं झाली होती, हे तिनं नंतर सांगितलं. शाळेच्या रजिस्टरमध्ये त्यांनी लिहिलं की मार्ग दुर्गम आहे आणि भरावाची दुरुस्ती तातडीनं व्हावी. अटॅचमेंटची गोष्ट पुन्हा निघाली नाही. रेखा अजून तिथेच आहे आणि बारा पोरांतली दहा आता धडाधड वाचतात.

ती पस्तीसची मागची रिम मी परत केली नाही. दुकानात समोरच्या भिंतीवर टांगली आहे, आणि नळीवरून उडालेल्या रंगाचा एक पापुद्रा चिकटपट्टीनं तिला लावून ठेवला आहे. एखादं गिऱ्हाईक टायरवरचा आकडा दाखवून वाद घालायला लागलं, की मी तिच्याकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "भाऊ, आधी सायकलवर बस. मंग मोजू."