क्लिअर कोटमधले खड्डे

माझ्या दादाचा राग नाकावर नसे, थेट हातात असे. टायरच्या दुकानात तो दिवसभर चाकं चढवायचा, टायरला चकाकीचा स्प्रे मारायचा आणि घरी येऊन त्याच शर्टात प्लास्टिकची छोटी विमानं रंगवायला बसायचा. आतल्या खोलीत रंग फवारायचा कॉम्प्रेसर घुरघुरू लागला की वहिनी आणि मी पावलं न वाजवता चालायचो.

रंग त्याचा सुरेख बसे. पण वरून पारदर्शक क्लिअर कोट मारला की तो जागोजागी सरके आणि पंखांवर बारीक गोल खड्डे पडत. तेलकट जागा कोट धरत नाही, एवढं दादाला ठाऊक होतं. घरात तेलाचे हात कुणाचे? स्वयंपाक करणारीचे. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! एक विमान त्याने भिंतीवर आपटलं, पुढचं वहिनीच्या अंगावर फेकलं. त्यानंतरच्या वेळी तिचा हात टेबलावर दाबून धरला.

"याच बोटांनी चिवडलंस ना?"

"मी हातसुद्धा लावला नाही हो."

त्याने पान्हा हाणला. मी त्याच्या दंडाला लोंबकळले, तर कोपराने माझा ओठ फोडला. बोटं मोडल्याचा आवाज मी ऐकला. तशीच वहिनीला घेऊन दवाखान्यात गेले, तिथून तिच्या भावाकडे, आणि मीही तिथेच राहिले. मला त्याची भीती वाटत होती आणि किळसही.

काही दिवसांनी दादा डबा घेऊन दारात उभा राहिला. डब्यात नवं विमान होतं. स्वारी खुशीत होती.

"बघ, एक खड्डा नाही. तू नसतानाही पडत होते. मग शर्ट काढून, हात धुऊन कोट मारला, तर झकास बसला. टायरचा तेलकट स्प्रे माझ्याच बाहीला असायचा. तुझी चूक नव्हती. चल घरी."

वहिनीचा हात अजून प्लास्टरमध्ये होता.

"पुढच्या वेळी कारण सापडेपर्यंत माझं काय मोडाल?"

दादाचा हात वर गेला. वहिनीने सवयीने डोकं खाली घातलं. ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं, त्यानेही. मग त्याने तीच मूठ विमानावर आदळली आणि माझ्याकडे वळला.

"तू तरी समजाव हिला."

मी त्याची सख्खी बहीण. मी दार लावलं, कडी घातली. तो लाथा घालत राहिला, आणि वहिनीचा भाऊ आणि मी दाराला पाठ लावून बसलो.