तुपाचा हात

टोकियोच्या एदोगावा भागातल्या त्या आठ मजली इमारतीत सिंधू टिळेकरला दोन गोष्टींसाठी सगळे ओळखत. जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत कुणी बाटली टाकली की ती पिशवी बरोबर त्याच्या दाराशी नेऊन ठेवायची, ही एक. आणि गेल्या डिसेंबरात तिने अख्ख्या वस्तीची मोची नासवली होती, ही दुसरी. पहिलीबद्दल लोक तिच्या तोंडावर बोलत. दुसरीबद्दल कुणी अवाक्षर काढत नसे, आणि सिंधूला झोंबायचं ते नेमकं हेच. चार शिव्या घातल्या असत्या तर बाई मोकळी तरी झाली असती!

मोची म्हणजे चिकट तांदळाचा गोळा. नाव ऐकून कुणी तुटकी चप्पल घेऊन येऊ नये. नवं वर्ष तोंडावर आलं की वस्ती बागेत जमते. वाफाळता भात उखळात पडतो, एकजण लाकडी घणाने कुटतो आणि दोन घावांच्या मधे दुसऱ्याने ओला हात घालून गोळा उलटायचा. हा दुसरा चुकला तर त्याची बोटं गेली, बिचकला तर मोची गेली.

तीस वर्षं हा हात होसोनो आजींचा. गेल्या वर्षी त्यांनी मोठ्या मनाने एक फेरी सिंधूला दिली. सिंधूने काय करावं? पर्समधून स्टीलची डबी काढली आणि तळव्यांना साजूक तूप चोपडलं. उकडीला हात लावायचा तर तुपाचा, हे तिच्या हाडात मुरलेलं. गोळा साबणासारखा सटकला, घण उखळाच्या काठावर बसला, लाकडाचे कपचे भातात. चाळीस पोरं वाट्या घेऊन उभी. घण मारणारे कुबोकी-सान, निवृत्त सुतार, वाकून एवढंच म्हणाले, "काही हरकत नाही." मग सिंधूची रवानगी तयार मोची घोळवायच्या सोयाबीनच्या पिठाच्या टेबलावर झाली.

यंदा होसोनो आजी सायकलवरून पडल्या. मनगट प्लास्टरमध्ये. वस्तीच्या बैठकीत अध्यक्षांनी कुटायचं विजेचं मशीन आणायचा विषय काढला.

"मी बसते उखळापाशी," सिंधू म्हणाली.

कुबोकी-साननी दातांमधून हवा आत ओढली. जपानात याचा अर्थ 'नको' असा होतो आणि सात वर्षांत सिंधूला तो पाठ झाला होता.

"सिंधू-सान, पिठाचं टेबल तुमच्याशिवाय..."

"पिठाचं टेबल माझा नवरापण सांभाळेल."

शेवटी ठरलं: पहिली फेरी सिंधूची. फसली तर यंदाच नव्हे, कायमचं मशीन.

त्या दिवसापासून टिळेकरांच्या घरी संध्याकाळी युद्ध पेटे. परातीत कणकेचा गोळा, समोर सिंधू, आणि हातात गुंडाळी केलेलं कॅलेंडर घेऊन तिचा नवरा सारंग.

"मार!"

"अगं, लागेल तुला."

"लागायलाच हवं! तू ऑफिसात कोड लिहितोस की कुरवाळतोस?"

"ममा, यामेते! थांबव ना! खालचे लोक कम्प्लेंट करतील," लेक तन्वी ओरडे. पण आठवड्याभरात कार्टी टाळ्या वाजवून ताल धरू लागली.

तरीही पाचातला एक फटका बोटांवर बसेच. सिंधू उठली आणि होसोनो आजींच्या दारात जाऊन उभी राहिली.

आजी म्हणाल्या, "तू घणाकडे बघतेस. घणाकडे बघितलं की माणूस घाबरतो. कुबोकीच्या उजव्या टाचेकडे बघ. टाच उचलली की घण वर. तेव्हा हात घाल. टाच टेकायच्या आत बाहेर." मग बजावलं, "आणि कोमट पाणी. फक्त पाणी."

रविवारी थंडी बोचत होती. भात उखळात पडला. सिंधूने बाह्या सारल्या, दोन्ही तळवे उलटसुलट करून वस्तीला दाखवले. डबी नाही! थोडं हसू पिकलं. कुबोकी-सान हसले नाहीत.

टाच उचलली, हात आत, बाहेर. धप्प. पुन्हा. पण घाव कसले, थोपटणं! तिच्या बोटांच्या धास्तीने बिचारे कुबोकी-सान घण अर्ध्यावरूनच सोडत होते. भात निवायला लागला, कण कण दिसू लागले. मागे अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

सिंधूचं टाळकं सरकलं. "कुबोकी-सान! बाळाला झोपवताय का? मारा!"

ऐंशीला टेकलेल्या माणसाला असं कुणी बोलतं? म्हातारा लालबुंद झाला, आणि असा घण आला की उखळ हादरलं. "योइशो!" त्यांनी आपल्या 'हैय्या'सारखी आरोळी ठोकली. टाच, हात, धप्प. तळवे भाजत होते, सिंधू टाचेवरून नजर हलवत नव्हती. तन्वीच्या टाळ्या सुरू झाल्या, मग सगळ्या पोरांच्या. शंभरेक घावांनी गोळा पांढराशुभ्र, गुळगुळीत झाला.

पहिला तुकडा आजींकडे गेला. त्यांनी डाव्या हाताने ओढला. हातभर ताणला, तुटला नाही. सावकाश चावला.

"दोन-तीन गुठळ्या आहेत," आजी म्हणाल्या. "पुढच्या वर्षी पाणी जरा गरम घे."

कुबोकी-साननी घाम पुसला आणि घण पुन्हा उचलला. "दुसरी फेरी! सिंधू-सान, बसा."

पिठाच्या टेबलाशी सारंग उभा होता, भुवयांपर्यंत पिवळा.

"अगं, पीठ संपत आलंय!"

"मग चाळ अजून," उखळापासून मान वर न करता सिंधू म्हणाली. तिची नजर टाचेवर होती.