माझ्या गाडीवरची ती बाई

सोसायटीच्या ग्रुपवर कुणी काही टाकणार नसाल तर सांगते. भर दुपारी, कुळगावच्या बाजारात, मी एका अनोळखी बाईचं मनगट धरून "चोर, चोर!" म्हणून बोंबलले होते. मी! जी घरात झुरळ निघालं तर खुर्चीवर चढते!

झालं असं, मी राहते बदलापुरात, हेंद्रेपाड्याला, आणि नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये. जाण्यायेण्यासाठी उल्हासनगरच्या एका दुकानातून जुनी राखाडी स्कूटर घेतली, हप्त्यावर. फायनान्स कंपनीचा माणूस दुकानातच टेबल टाकून बसलेला. "मॅडम, गाडी आमच्या माणसाने चेक केलीय. टेन्शन नका घेऊ," म्हणाला.

मी नाही घेतलं.

तिसऱ्या महिन्यात मोबाईलवर चलान आलं. उल्हासनगरला सिग्नल तोडला, सकाळी अकरा वाजता. सोबत फोटो. गाडी माझी, नंबर माझा, आणि वर तोंडाला जांभळा स्कार्फ गुंडाळलेली बाई. फक्त डोळे दिसत होते, तेही थेट कॅमेऱ्याकडे.

तसाच जांभळा स्कार्फ माझ्याकडेही आहे हो!

"ही तूच आहेस," आमचे हे म्हणाले.

"अरे, अकरा वाजता मी लॅबमध्ये होते! गाडी कंपनीच्या शेडमध्ये होती!"

"मग ही कोण?"

आठवड्याने खालच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. "काय गं, काल सोनिवलीला दिसलीस. हाक मारली तर वळून बघितलंस, आणि ओळखच न देता गेलीस!"

आदल्या दिवशी मी तापाने घरात पडून होते. गाडी खाली उभी होती.

सासूबाई देवापुढे वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "असतं एकेकाचं तसं. शरीर इथे आणि..." पुढचं त्या बोलल्याच नाहीत. आता असं अर्धवट कुणी सोडतं का? त्या दिवसापासून मी केस विंचरताना मध्येच थांबायची. आरशातली बाई माझ्याबरोबर थांबते ना, ते बघायला!

मग तो शनिवार. मी गाडी लावली, मेथी घेतली, कोपऱ्यावरून वळले, आणि बघते तर काय! माझ्या गाडीशी ती उभी होती. जांभळा स्कार्फ, हातात चावी.

भीती वाटायला हवी होती की नाही? पण मला आला राग. धावत जाऊन मनगट धरलं. हात चांगला गरम होता.

"चोर! माझी गाडी!"

"अरे बाबा, मेरी गाडी है! छोडो!"

गर्दी जमली. तेवढ्यात शहाळेवाला म्हणाला, "ताई, सोडा त्यांना. तुमची गाडी तर तिकडे लावली तुम्ही. माझ्यासमोर."

सगळ्यांनी वळून बघितलं. दुसऱ्या कोपऱ्यावर राखाडी स्कूटर. तोच रंग, तोच नंबर. त्या बाईने हळूच स्कार्फ खाली केला. माझ्याच वयाची, चष्मा लावलेली.

"तू है कौन?" तिने विचारलं.

अहो, हे तर मी विचारणार होते!

चौकशी करा म्हणून तिला पोलीस स्टेशनला मीच नेलं. हवालदारांनी दोन्ही गाड्यांच्या चासीचे नंबर धूळ पुसून बघितले. "ह्या कविताबाईंचा नंबर कंपनीने ठोकलेला. तुमचा घासून पुन्हा ठोकलेला. खोटे कागद करून ह्यांची गाडी तुमच्या नावावर चढवलीय, म्हणून ह्यांची चलानं तुम्हाला येतात."

"म्हणजे?"

"म्हणजे चोरीची गाडी तुमच्याकडे आहे, मॅडम."

माझी गाडी जप्त झाली. दुकानावर गेले तर शटर बंद. शेजारचा हात झटकून म्हणतो, "इधर गाडी का दुकान? कब था?" तुम्हाला सांगते, अंगावर काटा आला.

फायनान्सच्या ऑफिसात साहेब अगदी गोड बोलले. "मॅडम, वाईट झालं. पण हप्ता चालूच राहील. आम्ही फक्त कर्ज दिलं, गाडी तुम्ही पसंत केली."

"तुमचा माणूस चेक केली म्हणाला होता!"

"बोलण्याचं काय, मॅडम."

मी फाईलची प्रत घेतल्याशिवाय हलले नाही. तिच्यात तपासणीचा कागद निघाला. चासीवर कागद ठेवून पेन्सिलने काढलेला नंबराचा ठसा, आणि खाली शेरा: गाडी प्रत्यक्ष पाहिली. ठशातले आकडे एका रांगेत, सरळ. माझ्या गाडीवरचे तर दारू प्यायल्यासारखे! पोलिसांनी घेतलेला कविताच्या गाडीचा ठसा शेजारी ठेवला. तंतोतंत तोच.

दोन्ही ठसे त्यांच्यापुढे सरकवले. "साहेब, ठसा ज्या गाडीचा आहे ती मला मिळालीच नाही. मिळाली तिला तुमच्या माणसाने हात लावला नाही. आमच्या लॅबमध्ये नमुना न बघता रिपोर्ट दिला तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतात."

साहेब पाणी प्यायले.

पुढे पोलिसांच्या तपासात कळलं, कविताने गाडी सर्व्हिसिंगला त्याच दुकानात दिली होती. मालकाने तिथेच ठसा काढून ठेवला आणि चहाबरोबर तपासणीवाल्याच्या हातात दिला. मी फायनान्स कंपन्यांच्या तक्रारी बघणाऱ्या लोकपालाकडे तक्रार केली. बरेच महिने गेले. शेवटी पत्र आलं: तपासणीत आमची चूक, कर्ज रद्द, भरलेले हप्ते परत. ते वाचून मी लॅबच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग पेढे घेऊन उल्हासनगरला कविताकडे गेले, माफी मागायला. दार तिच्या सासूने उघडलं. मला वाटलं, पेढ्यांकडे बघतायत. पण नाही, नजर त्यांच्याही खाली होती.

आतून कविता हसत आली. "बुरा मत मानो. अम्मा ने तुमको तीन बार अंबरनाथ में देखा, और हर बार मैं घर में रोटी बना रही थी! तब से इस घर में सब तुमसे डरते हैं."

मग मला कळलं, म्हातारी काय बघत होती. मी गुपचूप सलवार वर धरली आणि दोन्ही पाय सरळ आहेत, उलटे नाहीत, हे दाखवलं. तेव्हा कुठे मला आत घेतलं.