आखूड शिंगाचा बैल

माझ्या चुलत्यांना माणसांचा कंटाळा. उंब्रजबाहेर रानातल्या खोपीत ते एकटे राहायचे आणि मातीची जनावरं करायचे. म्हशी, कुत्री, बैल. विकायचे नाहीत, कुणाला दाखवायचेही नाहीत. भावकी त्यांना येडा म्हणायची. मी मात्र सांगलीला सासरी त्यांच्या जिवावर भाव खायचे.

त्याच तोऱ्यात एकदा बेंदराच्या आधी सासूबाईंना म्हणाले, "यंदा बाजारातले बैल आणू नका. माझे काका करतात." बेंदूर म्हणजे आमच्याकडचा पोळा; पूजेला मातीच्या बैलांची जोडी लागते. मी उंब्रजला गेले तेव्हा काका विहिरीवर होते आणि खोपीला दार नव्हतंच. थोडं थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण परतीची एसटी गाठायची होती, आणि आपल्याच काकांना काय विचारायचं, हा माजही होता. फळीवरचा एक बैल उचलला. दुसरा त्यांच्या बाजेच्या उशाशी होता. त्याचं डावं शिंग आखूड. म्हटलं, हा फसलेला दिसतोय, याची त्यांना आठवणही होणार नाही.

पूजा झाली, पुरणपोळीचा नैवेद्य झाला, बैलांचं कौतुक झालं. दुसऱ्या दिवशी रीतीप्रमाणे घाटावर जाऊन मी जोडी कृष्णेत सोडली. न भाजलेली माती ती, बघता बघता विरघळली.

चार दिवसांनी काका दारात उभे. वर्षानुवर्षं बांधापलीकडे न गेलेला माणूस एसटीनं सांगलीला आला होता. आत या म्हटलं, तर येईनात.

"पोरी, माजा आखूड शिंगाचा तू नेलास व्हय? शेजारच्या रानात भांगलणाऱ्या बाया म्हणल्या, तू आलतीस."

"पूजेला नेला, काका. सगळ्यांना आवडला."

"मग दे की आता."

"नदीत सोडला," एवढंच कसंबसं म्हणाले.

ते उंबऱ्याकडे बघत राहिले. "व्हय. रीतच हाय ती."

"काका, तसाच दुसरा करा ना."

"कसा करू? माज्या शेवटच्या बैलाचा त्यो. मेला त्याच आठवड्यात केलेला. फोटू न्हाई, काय न्हाई. ह्याच्याकडं बघूनच त्याचं त्वांड आठवायचो."

मी रडायला लागले. ते पाणीसुद्धा न घेता गेले. मला त्यांचा रागच आला, खोटं कशाला बोलू? चार शिव्या दिल्या असत्या तर माझं मन हलकं तरी झालं असतं.

पुढच्या बेंदराला भीत भीत खोपीवर गेले. फळ्या ठोकून दार केलेलं, त्याला कुलूप. काका बाहेरच बसले होते. मला बघून उठले आणि कागदात गुंडाळलेली बैलजोडी पुढं केली. चारही शिंगं एकसारखी, बाजारातल्या बैलांसारखी.

"ने," म्हणाले. "हे सोडायलाच केल्यात."