भुकटीवर पडलेलं कुंकू

मी नक्की काय काम करते हे आईला समजावून सांगायचा नाद मी कधीच सोडला होता. प्लॅटिनम आणि निकेल एकत्र करून त्यांचे डोळ्यांना न दिसणारे कण बनवते, एवढं म्हटलं की "मग सोनारकीच की" म्हणून ती मोकळी व्हायची. तिचं फारसं चुकतही नव्हतं. हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनम लागतं. ते महाग, आणि वर स्वभावाने चिकट. ऑक्सिजनला एकदा धरलं की लवकर सोडत नाही, आणि पुढचं काम अडून बसतं. त्यात निकेल मिसळलं की ही पकड जराशी सैल होते, काम भराभर होतं आणि प्लॅटिनमही कमी पुरतं. त्या जराशा सैलपणावर माझी पीएचडी उभी होती.

आईने निपाणीत तंबाखूच्या वखारीत पानं निवडण्यात उमेदीची वर्षं घालवली. गुडघे बोलायला लागल्यावर घरी बसली. त्या वर्षी खंडेनवमीला मी तिला बेळगावला बोलावून घेतलं, कारण त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते आणि घरच्या माणसांना आत येता येतं. आमचे सर कानडी. देवाधर्माचे नव्हेत, पण पूजेला त्यांची ना नसायची. धूर मात्र आत चालायचा नाही. उदबत्ती व्हरांड्यात लावायची, आत फक्त झेंडू आणि हळद-कुंकू, तेही यंत्रांच्या बाहेरच्या पत्र्यावर.

माझ्या टेबलावर काचेच्या बशीत काळी भुकटी होती. सकाळीच ओव्हनमधून काढली होती, बाटलीत भरायची म्हणून झाकण बाजूला ठेवलं होतं. चिमूटभर ऐवज, पण माझा सगळा जीव त्यात होता. प्लॅटिनमच्या नारिंगी क्षाराची बाटली त्यापायी रिकामी झाली होती. चारच दिवसांनी पुण्याला खऱ्या फ्युएल सेलमध्ये घालून तिची चाचणी व्हायची होती. ती तारीख चुकली तर पुढची कधी मिळेल हे कोणी सांगत नव्हतं, आणि माझी शिष्यवृत्ती संपत आली होती.

आई हातात कुंकवाची कोयरी घेऊन एकेका यंत्राला बोट लावत आली. माझ्या टेबलापाशी थांबली.

"ह्येच व्हय गं तुझं?"

"व्हय."

तिने डोक्यावर पदर घेतला आणि हळद-कुंकवाची चिमूट उचलली. ती चिमूट बशीवर जाईपर्यंत "आई, थांब" असं दोनदा म्हणून झालं असतं. मला सगळं दिसत होतं. पण वखारीत पूजा व्हायची ती तराजूची, मालकाच्या हातून, आणि बायका दारात उभ्या राहायच्या, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. आज तिच्या लेकीच्या कामाची पूजा तिच्या हाताने होत होती. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी तिला थांबवलं नाही. कुंकू पडलं. मी हात जोडले, आणि वर तोंड हसरं ठेवलं.

सरांनी मागून पाहिलं होतं. आई व्हरांड्यात चुरमुरे-बत्तासे घ्यायला गेली तेव्हा ते बशीपाशी आले.

"आता?"

"जाळून प्लॅटिनम परत काढते, सर."

"आणि पुणे?"

मी बशीवर झाकण ठेवलं. सर मान हलवून बाहेर गेले आणि आईला आग्रह करकरून बत्तासे देत राहिले. मला त्या क्षणी त्यांचाही राग आला, आईचाही आला, आणि आपण किती मोठ्या मनाचे म्हणून स्वतःचं कौतुकही वाटलं. खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी पिरनवाडीच्या माझ्या खोलीवर आई भाकरी करत होती. तवा उतरवता उतरवता म्हणाली, "वाया गेलं न्हवं ते?"

"काय?"

"माझ्याफुडं नाटक नको. तुझ्या सरांचं त्वांड बघितलं मी. कुकू टाकल्यावर ध्येनात आलं माझ्या. पानात माती गावली तर वखारीतबी माल माघारी यायचा."

"होईल गं परत. त्यात काय एवढं."

"तू बघत हुतीस. मला थांबिवलं का न्हाईस?"

तुला वाईट वाटलं असतं, असं मी म्हणाले. मला वाटलं, ती आता डोळे पुसेल. ती चिडली.

"वखारीत माझा हात चुकला तर शेजारची बाई मनगाट धरायची. मग ती थोरली असू दे न्हायतर कालची पोर. वाईट वाटायला मी काय हळदी-कुकवाला आलती व्हय? तुझ्या कामावर आलती. तू मला पावनी केलीस."

मी ताट पुढे ओढलं. भाकरी खाल्ली. आपण तिला मान दिला, असं मी दिवसभर समजत होते. दारात उभं ठेवणाऱ्यांत माझीही भर पडली होती, हे कळलं तेव्हा फार लागलं.

पुण्याची तारीख गेलीच. पुढची मिळाली तेव्हा शिष्यवृत्ती संपली होती, शिकवण्या घेऊन दिवस काढावे लागले. पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती. किल्ली माझ्याकडे असायची. "चल, जाळायचं आहे," म्हटल्यावर आईने चपला घातल्या.

भुकटी मुशीत घालून भट्टीत ठेवली. धातूचे कण ज्याच्यावर बसवलेले असतात तो तिच्यातला कोळसा जळाला, हळद-कुंकवाचंही जळण्यासारखं होतं ते जळालं. मूस बाहेर काढून विटेवर ठेवली. तळाशी करडा थर उरला होता, तो पुढे आम्लात विरघळवून त्यातलं प्लॅटिनम वेगळं काढायचं होतं. मूस पांढरी, दिसायला थंडगार. आई स्टुलावरून वाकली आणि आत काय उरलंय ते बघायला तिचा हात पुढे गेला.

"हात लावू नको!" मी खेकसलेच, आणि तिचं मनगट धरलं.

आईने हात मागे घेतला. माझ्याकडे बघितलं.

"आत्ता कसं," ती म्हणाली, आणि स्टूल जरा मागे सरकवून नीट बसली.