मनगटाच्या मापाचं फावडं

नेव्हिल थर्केटलला नवा गुडघा बसवून दोन वर्षं होत आली होती, आणि तो गुडघा त्याच्या अंगात व्याह्यासारखा राहत होता. काम काही करायचा नाही, पण जरा मनाविरुद्ध झालं की रुसून बसायचा. घरात नेव्हिल काठी टेकून चालायचा, दाराबाहेर मात्र काठी म्हणून नाही. त्याला कारणही तसंच होतं. इंग्लंडातल्या नॉरफोकच्या आमच्या त्या कोपऱ्यात त्यानं उभी हयात ड्रायव्हिंगची परीक्षा घेण्यात घालवली होती. अर्ध्या जिल्ह्याला त्यानं नापास केलं होतं, आणि करताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरायचं ते लोक अजून विसरले नव्हते. असा माणूस काठी टेकत पोस्टापर्यंत गेला असता, तर खिडक्यांचे पडदे केवढ्या आनंदानं हलले असते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाच्या हाती काठी आली असती तर पहिला पडदा त्याचाच हलला असता.

निवृत्तीनंतर त्यानं जमिनीतला धातू शोधणारा डिटेक्टर घेतला. हेडफोन चढवायचा, यंत्राची थाळी जमिनीलगत फिरवायची, कानात सूर वाजला की खणायचं, आणि जुनी बटणं, बकलं, नशीब असलं तर एखादं नाणं खिशात टाकायचं. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांचा हा लाडका उद्योग. बायकोपासून दूर राहायला मिळतं आणि इतिहासाची सेवा केल्यासारखंही वाटतं. पण या उद्योगात यंत्रापेक्षा परवानगी मोठी. शेतमालक शब्द देतो तो एकाच माणसाला, बाकीचे त्या माणसाचे पाहुणे. लार्टरांच्या शेतांची परवानगी नेव्हिलच्या नावावर होती आणि त्याचा पाहुणा होता रेमंड गूच.

रेमंड हा निवृत्त नळकामवाला. तरुणपणी नेव्हिलनं त्याला दोनदा नापास केलं होतं. आता नजर अधू झाल्यामुळे नेव्हिलला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, तेव्हा रेमंडच त्याला शेतावर न्यायचा. तिथं पोहोचल्यावर नेव्हिल शेताच्या मधोमध चालायचा आणि रेमंडनं कुंपणाच्या कडेनं, जिथं फक्त ट्रॅक्टरचे बोल्ट सापडतात तिथं. नेव्हिलनं शिट्टी वाजवल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. रेमंडला चुकून काही सापडलंच, तर लार्टरांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी ते नेव्हिलच्या तळव्यावरून दाखवलं जायचं, "आम्हाला सापडलं" असं म्हणून. रेमंड हे सगळं गिळायचा, कारण त्याला दुसरी जमीन नव्हती. आणि नेव्हिल रेमंडला सहन करायचा, कारण त्याला दुसरी गाडी नव्हती. गावात याला मैत्री म्हणत.

म्हातारा लार्टर गेला आणि कारभार सुनेकडे, ब्रायनीकडे, आला. लार्टरांचं एक कुरण होतं, चर्चच्या मागचं. तिथं कैक शतकं जत्रा भरायची आणि नांगर मात्र कधी फिरला नव्हता. जत्रेत माणसं पितात, नाचतात आणि खिसे सांडतात. त्या गवताखाली काय काय झोपलं असेल या विचारानं आमच्या डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची झोप उडाली होती. म्हाताऱ्या लार्टरनं घोड्यांच्या काळजीनं तिथं कुणाला फिरकू दिलं नव्हतं. ब्रायनी म्हणाली, एकाला देईन. एकालाच.

तिच्या अटी दोन होत्या. गवत तीन बाजूंनी कापून झाकणासारखं उचलायचं, खालची माती काढून पुन्हा भरायची आणि झाकण असं बसवायचं की खड्डा कुठे होता ते तिला स्वतःला सापडता कामा नये, कारण उघड्या खड्ड्यात घोड्याचा पाय मोडतो. दुसरी अट पायांबद्दलच होती, पण माणसाच्या. मागच्या हिवाळ्यात शेजारच्या शेतात असाच एक हौशी म्हातारा पडला होता. त्याला न्यायला हेलिकॉप्टर आलं आणि ब्रायनीच्या गाभण मेंढ्या बिथरून कुंपण तोडून पळाल्या. "माझ्या कुरणात कुणी आडवं झालेलं मला चालणार नाही," तिनं नेव्हिलला सांगितलं. शनिवारी येऊन चालून आणि खणून दाखवा, मग बघू.

नेव्हिलच्या जुन्या फावड्याचा दांडा आखूड होता, तो पट्ट्याला मागे अडकवून चालायचा. आता त्याला असं फावडं हवं होतं, जे जगाला फावडं दिसेल आणि त्याला काठी होईल. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. रेमंडला एवढंच म्हणाला, की कुरणासाठी चांगलं हत्यार घ्यावं म्हणतो, डोरीनच्या दुकानात ने.

डोरीनच्या दुकानात कोंबड्यांचं खाद्य, रबरी बूट, कुत्र्यांची बिस्किटं आणि अगदी मागच्या बाजूला डिटेक्टरवाल्यांचं सामान असतं. तिनं तीन फावडी काढून भिंतीला टेकवली. आखूड दातेरी फावडं नेव्हिलनं पाहिलंही नाही. दुसरं हलकं होतं, लांब लाकडी दांड्याचं, अरुंद पात्याचं, वर पाय ठेवायला रुंद कड असलेलं. डोरीन म्हणाली, हे घे, गवत केकसारखं कापतं, वाकावं लागत नाही आणि तुझ्या वयाला दुसरं शोभणारही नाही. तिसरं अखंड पोलादाचं, रुंद जाड पात्याचं, वर आडवी मूठ. ते नांगरटीतल्या ढेकळांसाठी, तिनं सांगितलं. गवतावर चालवलंस तर खाटकाचं काम होईल.

नेव्हिलनं लाकडी फावडं शेजारी उभं करून हात सैल खाली सोडला. दांडा छातीपर्यंत आला. मग त्यानं अंगाचा भार टाकून पाहिला, तर दांडा वेताच्या छडीसारखा वाकला. पोलादी फावड्याशेजारी त्यानं हात सोडला तेव्हा मूठ नेमकी मनगटाच्या हाडाशी आली. त्याचा चेहरा उजळला.

"नेव्हिल," डोरीन म्हणाली, "फावड्याचं माप मनगटाशी घेताना मी आजवर कुणाला पाहिलं नाही."

"तू पाहिलंयस तरी काय?"

"माझ्या सासऱ्यांनी असंच घेतलं होतं. पण ते काठी घ्यायला आले होते."

रेमंड कुत्र्याच्या बिस्किटांची पिशवी मन लावून वाचत होता. मान वर न करता तो म्हणाला, "पोलादीच घे. घोडा टेकला तरी वाकायचं नाही ते. लांब दांड्याची फावडी म्हातारे घेतात."

तिथंच खरेदी ठरली. डोरीननं रेमंडकडे एकदा पाहिलं आणि पावती फाडायला घेतली. तिनं का पाहिलं ते आता सांगून टाकतो, नाहीतर माझ्या पोटात राहणार नाही. आठवड्यापूर्वी ब्रायनी मेंढ्यांचं औषध न्यायला आली होती आणि बोलता बोलता म्हणाली होती, की मिस्टर थर्केटल सांगत होते, तो रेमंड गूच खड्डे उघडे टाकतो, त्याला चुकूनही देऊ नका. नेव्हिलनं रेमंडला मात्र सांगितलं होतं, की मी दोघांसाठी रदबदली केली, पण बाई ऐकेना. डोरीननं ब्रायनीची बातमी त्याच दुपारी रेमंडला बिस्किटांच्या पिशवीबरोबर बांधून दिली होती. ती तरी काय करणार, तिलाही नेव्हिलनं कधीकाळी नापास केलं होतं.

नेव्हिलनं परसात सराव केला. डाव्या हातात फावडं, उजव्या हातात यंत्र. फावडं रोवायचं, पाऊल टाकायचं, थाळी फिरवायची. दोन दिवसांत चालण्यात ऐट आली. यंत्र मात्र त्यानं बंद ठेवलं होतं, कारण तिथं पूर्वी कोंबड्यांचं खुराडं होतं आणि जमिनीत इतके खिळे होते की सुरू केलं की कानठळ्या बसायच्या. आता, थाळीजवळ पोलाद आलं की यंत्र किंचाळतं, हे या छंदातलं शेंबडं पोरही जाणतं. पोलादी टाचेचे बूट घातले म्हणून नेव्हिलनं स्वतः एकदा रेमंडला सगळ्या क्लबासमोर सोललं होतं. पण त्याचं फावडं इतकी वर्षं पाठीमागे लटकत आलं होतं, आणि या आठवड्यात त्याच्या डोक्यात गुडघ्याखेरीज कशालाच जागा नव्हती. रेमंडच्या डोक्यात भरपूर जागा होती. तो काही बोलला नाही.

शनिवारी ऊन चांगलं पडलं होतं. ब्रायनी हाताची घडी घालून कुंपणाशी उभी राहिली. रेमंड फाटकावर चढून बसला आणि त्यानं डुकराच्या मांसाचा गार पाय काढला, हा पाय म्हणजे आमच्याकडची झाकणवाली कचोरी समजा. नेव्हिल फाटकातून आत शिरला तो लाटसाहेबासारखा. फावडं रोवलं, पाऊल टाकलं, आणि ब्रायनीनं मान डोलावलेली त्यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपली. मग त्यानं हेडफोन चढवून यंत्र सुरू केलं.

ते किंचाळलं. त्यानं पाऊल टाकलं, पुन्हा किंचाळलं. फावडं बाजूला धरलं तर गुडघा लचकायचा, जवळ घेतलं तर कान फाटायचे. त्यानं यंत्राची संवेदनशीलता कमी केली, तेव्हा त्याला काहीच ऐकू येईना, फावडंसुद्धा. पुन्हा वाढवली. अर्धं कुरण असंच गेलं. ब्रायनीनं विचारलं, काहीच नाही का? त्यानं सांगितलं, जमिनीत लोखंड फार आहे. ती म्हणाली, या जमिनीत आमच्या घराण्यानं कधी साधा खिळाही ठोकलेला नाही.

मग नेव्हिलला राग आला, आणि रागाच्या भरात माणसाला गुडघे नसतात. त्यानं फावडं तिथंच रोवलं, सोडलं आणि नुसतं यंत्र घेऊन पुढे निघाला. चार-सहा पावलं सुंदर पडली. कान शांत झाले. आणि त्या शांततेत एक सूर वाजला, गोल, गोड, काठावर न फाटणारा. थाळी इकडून फिरवली तरी तोच, तिकडून फिरवली तरी तोच. असा सूर लोखंडाचा नसतो, बाटलीच्या बुचाचाही नसतो. तो चांदीचा असतो. नेव्हिल त्यासाठी बारा वर्षं चिखल तुडवत होता.

तो फावडं घ्यायला वळायला गेला आणि गुडघा वळला नाही. राग ओसरला होता, व्याही रुसला होता. फावडं मागे उन्हात चमकत होतं आणि मधे ती चार-सहा पावलं होती. त्यानं उभ्याउभ्याच, ब्रायनीला कळेल न कळेल अशी, रेमंडला शिट्टी दिली.

रेमंडनं पायचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, बोटं रुमालाला पुसली. मग साऱ्या कुरणात ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी मायेनं विचारलं,

"नेव्हिल, काठी आणून देऊ का?"

नेव्हिलनं हेडफोन काढला. "फावडं," तो म्हणाला. "फावडं आण."

"तेच ते. बाईंना कळावं म्हणून सोप्या शब्दात सांगितलं."

ब्रायनी आधी नेव्हिलकडे, मग फावड्याकडे पाहत राहिली. नंतर ती आत आली. फावडं उपटायला तिला दोन्ही हात लावावे लागले. "यानं तुम्ही माझ्या गवताचं झाकण कापणार होता?" तिनं विचारलं.  सूर कुठे आहे ते नेव्हिलनं थाळीनं दाखवलं आणि सांगितलं, जरा लांबून खणा, खूप लांबून. तिनं ऐकलं असतं तर ती ब्रायनी कसली. तिनं सूर होता तिथंच बूट ठेवून फावडं दाबलं. रुंद पातं गवत फाडत गेलं. मातीच्या गोळ्यातून निघालं ते नखाएवढ्या पातळ चांदीचं नाणं, वर राजाचं तोंड, आणि राजाच्या नाकावरून थेट मानेपर्यंत पात्याची ताजी चकाकती जखम.

"छान आहे," ब्रायनी म्हणाली आणि नाणं खिशात टाकलं.

एव्हाना रेमंड टोपी हातात घेऊन आत आला होता. आवाजात मध घालून म्हणाला, की त्याचे गुडघे अजून स्वतःचेच आहेत, आणि त्यानं बसवलेलं झाकण बाईंना भिंग लावूनही सापडणार नाही.

"मिस्टर गूच," ब्रायनी म्हणाली, "परवा तुम्ही चटणीची बरणी घेऊन आला होतात, तेव्हा म्हणालात की मिस्टर थर्केटल महिन्यातून एकदा तरी पडतात आणि उचलायला तुम्हीच असता. आणि मिस्टर थर्केटल, तुम्ही म्हणालात की हे खड्डे उघडे टाकतात. मी तुम्हा दोघांवरही विश्वास ठेवलाय."

तिनं फाडलेलं गवत बुटानं दाबून बसवलं, वाईटच बसलं ते, आणि सांगितलं की कुरण आता कुणालाच मिळणार नाही. खालच्या नांगरटीच्या शेतांची परवानगी मात्र पूर्वीसारखीच राहील. फावडं तिनं नेव्हिलच्या हातात दिलं आणि तो गाडीपर्यंत पोहोचतो की नाही हे फाटकाशी उभं राहून, मेंढीकडे पाहावं तसं, शेवटपर्यंत पाहिलं.

रेमंडनं गाडी काढली. वळणावर नेव्हिलनं सवयीनं रेमंडच्या गिअरकडे पाहिलं, मग नजर त्याच्या चेहऱ्यावर गेली. रेमंडचा खालचा ओठ लहान मुलासारखा बाहेर आला होता. बरणी गेली होती, कुरण गेलं होतं, आणि आता पुन्हा कुंपणाची कड नशिबी आली होती. नेव्हिलनं तो ओठ नीट न्याहाळला. सकाळपासून प्रथमच त्याला बरं वाटलं. चांदीचा तो सूर अजून कानात होता, तो पुढेही कैक रात्री छळणार होता. पण शेजारच्या माणसाला आपल्या डोळ्यांदेखत नापास झालेलं पाहण्याचं सुख त्याला किती वर्षांत मिळालं नव्हतं.

"बरणी कसल्या चटणीची होती?" त्यानं विचारलं.

"आलुबुखारची."

"वाया गेली."

नेव्हिलच्या दाराशी गाडी थांबली. रेमंडनं इंजिन बंद केलं नाही, दार उघडायला उतरलाही नाही. नेव्हिलनं स्वतःच दार ढकललं, फावडं बाहेर रोवलं आणि कण्हत उभा राहिला. समोरच्या घराचा पडदा हलला, शेजारचाही हलला.

"गुरुवारी किती वाजता?" रेमंडनं समोरच पाहत विचारलं.

"आठला. आणि साधे बूट घालून ये."

"येतो," रेमंड म्हणाला. "तोवर तू असलास तर."

नेव्हिल फावडं टेकत दारापर्यंत गेला. पावलं फार हळू पडत होती, आणि रेमंडला घाई असूनही तो शेवटच्या पायरीपर्यंत पाहत थांबला, पडतो की काय म्हणून.