आडसाली तारीख

नकोशीवर पहिला संशय मी घेतला. घेतलेला संशय एकट्याने सांभाळायची मला सवय नसल्यामुळे दुपारच्या चहापर्यंत तो ऑफिसभर झाला होता.

मी श्रीपाद. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हेडक्लार्क होतो, बारामतीहून रोज एसटीने जायचो. कंडक्टरने दिलेलं तिकीटसुद्धा मी उजेडात धरून बघतो. आमची विमल म्हणते, लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हाही तुम्ही खालून वाकून बघत होता, नवरी तीच आहे ना म्हणून.

नकोशी कऱ्हाटीची. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, वडिलांनी ती विकून शेती धरली. थोरला भिमा, त्याच्या पाठीवर तीन मुली आणि मग चौथी ही, म्हणून हे नाव. तिघींची लग्नं भराभर उरकली. हिला मात्र भिमाने हट्टाने शिकवलं. तो आमच्याकडे हंगामी कामगार. हंगाम संपून घरी असला की सायकलवर डबलसीट बसवून तिला एसटीच्या फाट्यावर सोडायचा, मग ती बारामतीला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची. अठ्ठ्याण्णव साली कारखान्यात कॉम्प्युटर आले आणि नकोशी प्रोग्रामर म्हणून लागली. बहीण-भाऊ अंथुर्ण्यात एक खोली घेऊन राहत.

पुढच्याच वर्षी हंगामी लोकांतले सात जण कायम करायचं ठरलं, रुजू झाल्याच्या तारखेप्रमाणे. यादी दोन ठिकाणी निघाली. एक छापील, माझ्या टेबलावर. दुसरी हॉलमध्ये सगळ्यांना बघायला ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर. कागदावर सातवा होता गेणबा आणि आठवा भिमा. पडद्यावर सातवा भिमा, गेणबा आठवा. गेणबा लागला वीस जुलै एकोणनव्वदला, भिमा पाच जानेवारी नव्वदला. कोण आधीचा हे सांगायला यंत्र कशाला पाहिजे? आणि दोन्ही प्रोग्राम लिहिणारी कोण, तर भिमाची बहीण! मला आणखी काय हवं होतं?

"नकोशीबाई, पडद्यावर तुमचा भाऊ वर कसा चढला?"

तिने दोन्ही याद्या पाहिल्या. "म्हाईत न्हाय, भाऊसाहेब. बघते."

बघते म्हणजे पुरावा पुसते, असा अर्थ लावून मी खुर्ची ओढली आणि तिच्या शेजारीच बसलो. कॉम्प्युटरमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण घाबरलेला माणूस मी बरोबर ओळखतो. ती घाबरलेली नव्हती. त्यामुळे माझा संशय आणखी वाढला.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "जुलै-ऑगस्टात लागल्याली किती जणं हायती?"

मी रजिस्टर काढलं. पाच जण. पडद्यावर पाचही जण खाली घसरले होते.

"तुमी कवा लागला?"

"ऑगस्ट चौऱ्याऐंशी. माझा काय संबंध?"

तिने माझी तारीख टाकली. यंत्राने उत्तर दिलं, फेब्रुवारी शहाऐंशी. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "आडसाली झालाय तुमी, भाऊसाहेब."

मग तिने जे समजावलं ते असं. कारखान्याचा तोडणी प्रोग्राम, म्हणजे कुणाचा ऊस आधी तोडायचा ती पाळी, लागणीच्या, म्हणजे ऊस लावल्याच्या, तारखेवर नाही तर ऊस कधी पिकतो त्यावर लागते. जुलै-ऑगस्टची आडसाली लागण अठरा महिने शेतात उभी असते, जानेवारीची लागण, तिला 'सुरू' म्हणतात, बारा. कॉम्प्युटरच्या भाषेत 'तारीख' ही वस्तू आयतीच मिळते, पण तिला हे उसाचं गणित कुठून ठाऊक असणार? म्हणून नकोशीने तिचं मूळचं उत्तर बदललं. वेळ विचारली की लागणीची नको, पिकण्याची सांग. हे तिने दोन भाषांत केलं. छापील याद्या जावामध्ये निघत. तिथे तिने मूळ तारखेपासून 'उसाची तारीख' असं वेगळं पोर काढलं आणि नवं उत्तर त्यालाच शिकवलं; माणसांच्या यादीला मूळ तारीखच राहिली. पडद्याची पानं जावास्क्रिप्टमध्ये. तिथे कमी लिहावं लागतं म्हणून तिने थेट मूळ तारखेलाच नवं उत्तर शिकवलं, आणि ती फाईल सगळ्या पानांना जोडली. आता त्या पडद्यावर ऊस असो की माणूस, जुलैत आलेला प्रत्येक जण अठरा महिने उभा!

"तितं पोराला शिकवलं," ती म्हणाली, "हितं बापालाच शिकवून बसले."

"आणि चूक नेमकी भावाच्या फायद्याची झाली?"

"मग बाकीची चार कुणासाठी घसरवली म्या?"

मी रजिस्टरातली ती चार नावं पुन्हा मोजून पाहिली. तरी मी उठलो नाही.

भिमाने सकाळीच खात्यात पेढे वाटले होते. तिने विचारलं, "आधी दादाला सांगून येऊ का?"

मी म्हणालो, "आधी दुरुस्त करा." भाऊ धावत संचालकांकडे जाईल अशी मला शंका होती. या एका वाक्याची मला आजही लाज वाटते. तिने माझ्यासमोर दुरुस्ती केली. भिमाला ते हॉलमधल्या पडद्यावर, चार लोकांत कळलं.

बहिणीने भावासाठी घोळ केला आणि श्रीपादरावांनी पकडला, असंच सगळे धरून चालले. मी चहाच्या टपरीवर जुलैच्या आडसालीची खरी हकीकत सांगू लागलो, तर लोक हसले. "तुमीच तर म्हणत व्हता, पोरीवर ध्यान ठेवा!"

आठवड्याने नकोशी माझ्या टेबलाशी आली. "दादा माझ्यासंगं बोलत न्हाय, भाऊसाहेब. ती चूक व्हती, येवढं तुमी सांगा त्याला. तुमचं ऐकंल."

मी लगेच निघालो. भिमा गव्हाणीजवळ होता, गाळपाला ऊस आत जातो त्या पट्ट्यावर उसाची मोळी टाकत. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. आडसाली, सुरू, बाप, पोर. शेतकरी माणूस, माझ्यापेक्षा लवकर समजला.

"म्हंजी तिनं मुद्दाम न्हवतं केलं?"

"अजिबात नाही!" मी खुशीत म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणाला तरी निर्दोष ठरवत होतो.

भिमा खाली बसला. "मला राग आला व्हता, की केल्यावर भ्याली आन् माघारी घेतलं. पर आतनं बरं वाटत व्हतं, भाऊसाहेब. घरात आजवर समद्यांसाठी म्याच केलं. म्हणलं, आपल्यासाठी बी कुणीतरी नोकरीवर पाणी सोडाया निघालं व्हतं."

पाळी बदलायचा भोंगा झाला. त्याने मुंडासं सारखं केलं आणि उठला.

"ह्ये तुमी सांगितलं नसतं, तरी चाललं असतं."